एक सोडून एक काज

७ सप्टेंबर

चि. ठकूस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

दुपारची वेळ आहे. खाली शिवणाच्या दुकानात मास्तरांची इस्त्री चाललीय आणि तिची वाफ फळ्यांच्या फटींतून वर माझ्या खोलीत येतेय. अशी वाफ आली की मला वाटतं, आपण ढगात बिऱ्हाड केलंय आणि खाली कोणीतरी ढगांच्या घड्या घालतंय. हसलीस ना? हस. लांब राहतेस, तर हसणं तरी ऐकू येऊ दे.

तुझी आई म्हणते, फोन असताना पत्रं कशाला. अगं, फोनवर तू सारखी घाईत, आणि मला जे सांगायचं ते नेमकं फोन ठेवल्यावर आठवतं. शिवाय डॉक्टरीणबाईंनी बोटं हलती ठेवायला सांगितलीत. शाळा माझी तिसरीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुझं तू लावून घे.

बोटांचं म्हणशील, तर सकाळी दोन्ही हात दुधात बुडवलेल्या पावासारखे फुगलेले असतात. मूठ वळत नाही. चहाचा कप दोन तळव्यांत धरते, खार दाणा धरते तसा. ऊन पलंगावर आलं की जरा सैल पडतात. याच बोटांनी जन्मभर खालच्या दुकानात काजं केली. शर्टांची, कोटांची, नवरदेवांची आणि वकिलांची. आणि आता माझ्याच स्वेटरचं बटण मला लावता येत नाही, शेजारची नर्सबाई लावून देते. मास्तर म्हणाले, म्हातारे, काजवालीचंच बटण उघडं, म्हणजे दिव्याखाली अंधार. मी सांगितलं त्यांना, तुम्ही आधी स्वतःच्या पँटची लांबी बघा. हा माणूस सत्तरीला आला, पण जीभ अजून कात्रीचीच.

आता खरं सांगते, रागावू नको. डॉक्टरीणबाईंनी नवीन औषध लिहून दिलंय, टोचून घ्यायचं. मी घेणार नाही. टोचण्याचं भय नाही गं, सुयांनी माझ्या बोटांची केव्हाच चाळण केलीय. पण बाई म्हणाल्या की हा रोग बाहेरून आलेला नाही, तुमच्या अंगातले राखणदारच तुमच्यावर उलटलेत. मला त्याचंच वाईट वाटलं. आपलीच माणसं चुकली म्हणून त्यांच्यावर औषध सोडायचं? तुझ्या प्रयोगशाळेत हेच बघतात म्हणे. तू तिथे नक्की काय करतेस ते एकदा माझ्या डोक्यात शिरेल असं लिही. सध्या मी लोकांना सांगते की नात काचेत बघते. लोक मान डोलावतात.

नातजावयांना आशीर्वाद. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी आजी

१८ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. सगळी प्रयोगशाळा आता मास्तरांच्या पँटच्या लांबीबद्दल विचारतेय.

तर ऐक. तुझे राखणदार म्हणजे रक्तातल्या पेशी. फार बारीक. प्रत्येकीच्या अंगावर काजं असतात. (आम्ही त्यांना दुसरं नाव देतो, पण काजंच ती.) रक्तातून निरोप फिरत असतात, ते बटणांसारखे. ज्या काजाचं जे बटण, ते त्यातच बसतं, आणि बसलं की त्या पेशीला हुकूम मिळतो. तुझ्या सांध्यांत भांडणाची बटणं फार झालीत. राखणदार रात्रंदिवस हुकूम ऐकून ऐकून बिथरलेत.

आता हाडं. हाड म्हणजे दगड नाही, आजी. त्यात कारागीर बसलेले असतात. काही जुनं हाड उसवतात, काही त्या जागी नवं शिवतात. दोघंही हवेत. गंमत अशी की हे उसवणारे राखणदारांच्याच भावकीतले आहेत, आणि त्यांच्या अंगावरही काजं आहेत. राखणदारांनी आरडाओरडा केला की उसवणारे उठून कामाला लागतात, आणि शिवणाऱ्यांचा हात पुरा पडत नाही. मी काय करते? हाडाच्या पातळ चकतीवर थोडे उसवणारे सोडते आणि त्यांनी पाडलेले खड्डे बघते. हुकूम नेमक्या कुठल्या काजातून जातो ते मला शोधायचंय.

आणि तुझं औषध राखणदारांना मारत नाही. तीसुद्धा काजंच आहेत, नुसती सुटी. रक्तात सोडली की भांडणाची बटणं त्यांच्यातच अडकतात, पेशीपर्यंत पोचत नाहीत. हुकूम आला नाही की गोंधळ निवळतो. मात्र राखणदार थोडे सुस्त होतात, म्हणून ताप आला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. एवढंच पथ्य.

घाई यासाठी करतेय, की सांध्यातलं जे हाड एकदा उसवलं गेलं ते सहसा परत भरत नाही. उरलेलं वाचवायचं आहे.

आणि ते का वाचवायचं, तेही सांगते. मार्चमध्ये तू पणजी होणार आहेस. बाळाच्या झबल्याची काजं दुसऱ्या कोणी केलेली मला चालणार नाहीत.

सुटी काजं घे. माया आहेच, तिला औषधाची जोड दे.
तुझी ठकू

२९ सप्टेंबर

चि. ठकूस आणि आतल्या पाहुण्यास,
आजीचे आणि पणजीचे, दोघींचे आशीर्वाद. वि. वि.

अगं माझे बाई! पत्र वाचून मी खिडकीतूनच मास्तरांना हाक मारली. ते तोंडात टाचण्या धरूनच वर बघत राहिले, आनंद झाला की टाचण्या टोचल्या ते काही कळलं नाही. मग म्हणाले, झबल्याचं कापड माझ्याकडून. दुपारपर्यंत कापून वर पाठवलंसुद्धा. दुधासारखं मऊ कापड आहे आणि बटणं शिंपल्याची, पाच. हातात घेतली तर थंडगार लागतात आणि कलती केली की आत इंद्रधनुष्य हलतं. मी त्यांच्याशी दुपारभर खेळत बसले, पोरीसारखी.

आणि औषध म्हणजे काजं! हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? डॉक्टरीणबाई नुसतं नाव घेतात, ते नाव म्हणजे परदेशातल्या स्टेशनासारखं, गाडी सुटली तरी मला उच्चारता येत नाही. काजं म्हटल्यावर सगळा उजेड पडला. औषधाचा डबा आणला आणि फ्रीजमध्ये ठेवला. नर्सबाईला हाक मारली की ती येते, पोटाला चिमटा काढते, टोचते, आणि कामावर जायची घाई म्हणून चहासुद्धा न घेता पळते. सुरू केलंय बघ, आणि माझ्या पद्धतीने अगदी रीतसर चालवलंय.

रीतीवरून आठवलं. काजं करायला मला मास्तरांच्या वडिलांनी शिकवलं. त्यांचा पहिला धडा हाच, की काजं ओळीने करायची नाहीत. एक सोडून एक. लागोपाठ केलीस तर कापड ओढलं जातं आणि शेवटचं काज वाकडं येतं. मधे जागा सोड, कापडाला श्वास घेऊ दे, मग राहिलेली भर. जन्मभर मी तसंच केलं. कोणाच्या कोटाचं एक काज वाकडं दाखव.

काल दुपारी डोळा लागला आणि स्वप्न पडलं. पांढऱ्याशुभ्र कापडाचा तागा उलगडत गेलेला, त्याला शेवटच नाही. त्यावर मांडी घालून बारीक बारीक माणसं बसलेली, अर्धी उसवतायत, अर्धी शिवतायत. कोणी बोलत नाही. फक्त दोरा ओढल्याचा आवाज, सर्र, सर्र, लांबवर पाऊस पडावा तसा. एक उसवणारा मान वर करून माझ्याकडे बघत होता. चेहरा अगदी आपल्यातला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, जरा हळू. त्याने मान हलवली. जाग आली तेव्हा बोटं जरा हलकी वाटली. औषध असेल, किंवा तो खरंच ऐकणारा असेल.

पाय वर घेऊन बसत जा. जड उचलू नको. माझी आठवण ठेव, मी तर तुझी ठेवतेच.
तुझी आजी

२ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बाळ आता आतून टपल्या मारतं. खड्डे मोजायला खुर्ची ओढून बसले की हमखास. याला काम आवडत नाही बहुतेक, मास्तरांकडे ठेवावं लागेल.

आईचा फोन झाला. ती म्हणाली, तुझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि पाय भाजता भाजता वाचला. तू मला काहीच लिहिलं नाहीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, की औषध लागू पडत नाहीये, महिनाअखेरीस हातांचा फोटो काढू आणि सुधारणा नसेल तर हे औषध थांबवू. मला उमजत नाही, आजी. इतक्या दिवसांत फरक पडायला हवा होता. दुसरं औषध सुरू करायचं, त्याला लागू पडायला आणखी महिने, आणि तेवढा वेळ उसवणारे काही हातावर हात ठेवून बसणार नाहीत. काल चकतीवरचे खड्डे बघताना मला तुझी बोटंच दिसायला लागली. उठून जिन्यात जाऊन बसले.

खरं खरं लिही. मजेत आहे असं लिहू नकोस.
तुझी ठकू

१४ नोव्हेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद, आशीर्वाद. वि. वि.

जिन्यात कशाला बसलीस? जिना गार असतो. पातेल्याचं तुझ्या आईने उगाच राईचा पर्वत केला. दूध सांडलं, मांजराची चंगळ झाली, माझा पाय जागेवर आहे.

खरं लिहायचं तर हे असं आहे. एक आठवडा माझे हात शहाण्यासारखे वागतात. त्या आठवड्यात मी सुईत दोरासुद्धा ओवला, आणि खाली जाऊन मास्तरांच्या नाकापुढे नाचवला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फुगतात, तापतात, रुसून बसतात. भरती ओहोटीसारखं. मी पलंगावर पडून त्यांच्याकडे बघते. खिडकीतून धुकं आत येतं, समोरच्या घड्याळाच्या दुकानाची पाटी पुसली जाते, आणि हे दोन हात चादरीवर असे पडलेले असतात, जणू कोणी पाहुणे आपले हातमोजे विसरून गेले. वाईट वाटत नाही. गंमतच वाटते. आपलेच हात, पण आज त्यांची स्वारी दुसऱ्या गावाला.

झबलं मात्र तसंच उशीखाली आहे. पहिलं काज कापायला कात्री धरली, पण चालवली नाही. कापड कापलं की कापलं, ते परत सांधता येत नाही. ठेवून दिलं.

औषधाची काळजी करू नको. मी काय उधळी आहे का? एवढं महागाचं औषध, मी ते रीतीने वापरते. डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याचं म्हणून लिहिलंय, पण त्यांनी कधी काज केलंय? मी एक सोडून एक घेते. मधला आठवडा अंगाला श्वास घेऊ देते, म्हणजे ओढाताण नको. फ्रीजमध्ये भाजीच्या मागे निम्मी औषधं अजून तशीच आहेत. नर्सबाईलाही ठाऊक नाही, मी हाक मारते तेव्हा ती येते. आहे की नाही आजी हुशार?

बाळाला माझ्याकडून एक टपली, परत.
तुझी आजी

२० नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न.

फोन करणार होते. पण फोनवर मी रडले असते, आणि मग तू मलाच समजावत बसली असतीस.

आजी, तुझी रीत कापडाची आहे. कापड तू सोडलंस तिथे थांबतं. रोग थांबत नाही. सुटी काजं रक्तात कायमची राहत नाहीत, काही दिवसांत झिजून विरून जातात. म्हणून दर आठवड्याला नवी सोडायची. तू मधला आठवडा मोकळा ठेवतेस, तेव्हा भांडणाची सगळी बटणं थेट राखणदारांपर्यंत पोचतात, आणि तुझ्या स्वप्नातला तो उसवणारा उठून कामाला लागतो. तुझी भरती ओहोटी ती हीच. औषध नापास झालेलं नाही. ते निम्मंच पोचलंय.

काजांची गोष्ट मीच तुला सांगितली. अर्धी सांगितली, ही चूक माझी. मी स्वतःवरच चिडलेय, तू मधे पडू नकोस.

आता तीन गोष्टी. डॉक्टरीणबाईंना हे जसंच्या तसं सांग, फोटोच्या आधी. दर आठवड्याला घे, आणि वार नर्सबाईला सांगून ठेव. आणि तू हे नक्की करशील म्हणून आधीच लिहिते, शिल्लक राहिलेली भरून काढायला दोन एकदम टोचून घेऊ नकोस. त्यांचं काय करायचं ते बाई सांगतील.

मला झबल्यावर तुझीच काजं हवीत. वेडीवाकडी चालतील. तू हवीस.
तुझी ठकू

२८ नोव्हेंबर

चि. ठकूस,
आजीचे आशीर्वाद, आणि कान पकडून वि. वि. (कान पकडता आला, म्हणजे बघ आठवडा कुठला आहे.)

दोन एकदम घ्यायचं माझ्या खरंच मनात आलं होतं. तुला कसं कळलं? तू काचेत बघतेस ते उगाच नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी टेबलावर डोकं ठेवून हसल्या, मग रागावल्या. हे सगळं एका श्वासात. म्हणाल्या, आजी, रोज इतके लोक औषध चुकवतात, कोणी विसरतं, कोणी घाबरतं, पण कापडाच्या रीतीने चुकवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. औषध थांबवायचं नाही असं ठरलं. शिल्लक डबा त्यांनी बघितला, तारखा वाचल्या, चांगली होती ती क्रमाने वापरायला दिली. नर्सबाईने तर मला असं फैलावर घेतलं, की मास्तर इस्त्री हातात धरून वर ऐकायला आले. आता ती रविवारी सकाळी न बोलावता येते, दारातूनच सुई दाखवते.

आता फोटोचं. सांगितलं नाही तर तू पुन्हा जिन्यात बसशील. बाईंनी तो उजेडावर धरला. माझ्या हाताचा असा फोटो मी पहिल्यांदाच बघितला. किती नाजूक असतं गं सगळं, धुक्यातल्या फांद्यांसारखं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराशी हाड कुरतडलेलं आहे, वाळवी लागल्यासारखं. बाई म्हणाल्या, ते आता भरून येईल असं मी खोटं सांगणार नाही. ते बोट वाकलेलंच राहील. बाकीची वाचलीत. त्यांच्यासाठी आता एकही आठवडा सोडायचा नाही.

ते मधलं बोट म्हणजे माझं टोपणाचं बोट, शिवताना पितळी टोपण घालते ते. घरी येऊन टोपण घालून बघितलं. वाकड्या पेरावर बसलं नाही, खणकन् जमिनीवर पडलं आणि पलंगाखाली गेलं. मी वाकून शोधलं नाही. खिडकीशी बसून राहिले. ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत गेलं. मग डोळा लागला आणि तोच पांढरा तागा दिसला. एका जागी मोठं भोक पडलेलं, पण त्याच्या आजूबाजूला शिवणारे येऊन बसलेले. भोक बुजवत नव्हते. नुसता काठ पक्का करत होते, पुढे उसवू नये म्हणून. अगदी काजासारखा. काज म्हणजे तरी काय गं, काठ बांधलेलं भोकच ना.

चूक तुझी नाही. आजीच्या चुकीवर नातीने हक्क सांगायचा नसतो, आधी मोठ्यांचा मान. सगळं रीतसर चाललंय, या वेळी बाईंच्या रीतीने.
माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी

४ मार्च

चि. ठकूस, आणि आजपासून चि. बाळीस,
पणजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईचा फोन सकाळी आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी म्हटलं जरा थांब, आणि फोन तसाच पलंगावर ठेवून खोलीभर फिरून आले. मग मास्तरांना सांगायला जिना उतरले, स्वेटरची बटणं लावत लावत. माझी मी. खालच्या पायरीवर पोचेपर्यंत सगळी लागली होती. मास्तरांनी ते बघितलं. एरवी काहीतरी खोचक बोलले असते, आज नुसते मान खाली घालून खडू शोधत राहिले. खडू कानावरच होता.

या पत्राबरोबर झबलं पाठवतेय. टोपणाला आता तर्जनीवर बसवलंय, नर्सबाईने आत कापसाचा पातळ थर घालून दिला. तर्जनी आधी लाजली, नवी सून जशी, मग रुळली. मधलं बोट वाकून बाजूला बसतं आणि बघतं. त्यालाही म्हटलं, तू बस, तुझं काम तू पुष्कळ केलंस. रोज दुपारी ऊन पलंगावर आलं की थोडे टाके. वाफ वर येते, ती बारीक माणसंही कुठेतरी दोरा ओढत असतात, सर्र, सर्र, आणि मी त्यांच्याच ओळीत बसलेली. कधी झोप कुठे संपली आणि शिवणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. पण टाका चुकला नाही.

उघडून बघशील तेव्हा घाबरू नको. बटणं पाचही लावलीत. काजं तीनच आहेत. वरचं, मधलं आणि खालचं. ती नीट बघ. मधल्याचा काठ जरा जाड झालाय, पण एकही वाकडं नाही. दोन जागा मी सोडल्यात. औषधाचा एकही आठवडा सोडला नाही हो, रविवारची सुई चुकली नाही, नर्सबाईला विचार. पण कापडाला मात्र माझीच रीत. एक सोडून एक.

गाडीचं तिकीट तुझी आई काढतेय. टोपण पिशवीत टाकलंय, सुईदोराही. राहिलेली दोन काजं मी तिथे येऊन भरणार, आणि बाळीला ते घातल्यावर पाचही बटणं मी लावणार. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

येतेच.
तुझी आजी